एका माळेला एक आकडा

"झोपलीस काय गं?" आईनं विचारलं.

"नाही."

"मग वाढवू?"

मी डोळे न उघडताच हुंकार दिला. तिनं जपमाळ मांडीवर ठेवली, उशीशेजारच्या यंत्राचं वाढवायचं बटण अंगठ्यानं दाबलं आणि पडदा डोळ्यांपासून लांब धरून बघितला. "सात झालं," म्हणाली आणि पुन्हा माळ हातात घेतली.

माझ्या डाव्या कानात आधी नुसत्या मुंग्या होत्या, सातला त्या टोचायला लागल्या. नऊला कान आपला आहे की दुसऱ्या कुणाचा तेच कळेनासं व्हायचं. एप्रिलची दुपार होती. शेजारच्या यंत्रमागांचा खडखडाट भिंतीतून पलंगात येत होता, आणि मी तोंडाला कोरड पडलेल्या अवस्थेत पडून होते.

यंत्र म्हणजे साबणाच्या डबीएवढी पांढरी डबी. तिला एक वायर, वायरीच्या टोकाला चिमटा. तो डाव्या कानाच्या आत, भोकाच्या जरा वर बसवायचा. तिथून एका नसेपर्यंत पोचता येतं, ती नस मेंदूतून निघून पार पोटापर्यंत उतरते, तिला हलका करंट दिला की पोट भरल्याचा निरोप मेंदूला लवकर जातो, असं मला मिरजेच्या डॉक्टरबाईंनी समजावलं होतं. "जातो असं वाटतंय," हेही त्याच म्हणाल्या होत्या. "काहींना उपयोग होतो, काहींना नाही. अजून संशोधन चालू आहे. खरं काम इंजेक्शन करतंय, हे त्याला जोड म्हणून." रोज अर्धा तास, आकडा तीन, त्याच्यावर जायचं नाही.

आमच्या घरात ते रोज अडीच तास चालायचं. आई शेजारी खुर्ची घेऊन णमोकार मंत्राच्या माळा ओढायची आणि एक माळ पूर्ण झाली की एक आकडा वाढवायची. हा हिशोब तिला कुणी सांगितला नव्हता, तिनंच बसवला होता. जास्त जप म्हणजे जास्त पुण्य, जास्त करंट म्हणजे जास्त वजन कमी, इतकं सरळ.

मी का ऐकून घेत होते? मी काही ऐकून घेणारी बाई नाही. पंचवीस वर्षं ब्लाउज शिवतेय, बाही घट्ट झाली म्हणून भांडायला आलेल्या बाईला तिचा दंड तिच्याच हातानं मोजायला लावून परत पाठवलेलं आहे. माझं स्वतःचं वजन तेव्हा एकशे तीन होतं आणि त्याबद्दल मी कधी खोटं बोलले नाही. लोकच माझ्या तोंडावर इतकं खरं बोलायचे की मला संधीच मिळाली नाही. पण आई माझ्या शेजारी अडीच तास बसलीय, हे एक्केचाळीस वर्षांत कधी झालं नव्हतं. माझ्या बिनलग्नाच्या, जाड अंगाकडं ती एरवी बघायचीसुद्धा टाळायची. आता रोज दुपारी माझ्या कपाळावरचा घाम पुसायची. कान जळला तरी मला ते हवं होतं.

आणि शीतलसाठी चाललं होतं. शीतल म्हणजे माझ्या पाठचा भाऊ. आमच्या जैन समाजात हे नाव पोरांना ठेवतात. त्याच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या. आठवड्यातून तीनदा मिरजेला डायलिसिस. आईला साखर, म्हणून ती बाद. शीतलची बायको रत्नप्रभा, तिचा रक्तगट वेगळा. सगळ्यात धाकटा सुकुमार, त्याचं जुळत नाही असं आई मिरजेहून आल्या आल्या म्हणाली होती. उरले मी. माझं सगळं जुळलं. फक्त इतक्या वजनाच्या बाईची किडनी काढणं तिच्या जिवाला धोक्याचं आहे, एकोणऐंशीवर या, मग ऑपरेशनचं बघू, असं तिथले मोठे डॉक्टर म्हणाले. मग आठवड्याचं इंजेक्शन सुरू झालं. एकशे तीनवरून अठ्ठ्याऐंशीपर्यंत आले आणि तिथंच अडकले. दोन महिने काटा हलेना. तेव्हा हे यंत्र आलं.

"उद्या किती भरशील?" आईनं विचारलं.

"ऐंशीच्या आसपास."

"ऐंशीच्या खाली पाहिजे गं. मग तारीख देतील."

"आई, घोटभर पाणी दे."

तिची बोटं मण्यावर थांबली. "सकाळी जेवताना प्यालीस की."

"सकाळचं सगळं उलटून पडलं."

"मग? नियम मोडतीस? देवासमोर हात जोडून घेतलायस. आठ-पंधरा दिवसांचा तर प्रश्न हाय."

नियम म्हणजे एकाशन. ऑपरेशन होईपर्यंत दिवसातून एकदाच बसून जेवायचं, आणि आईच्या घरच्या शिस्तीप्रमाणे पाणीही त्याच बैठकीला. बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात नेऊन तिनं तो मला घ्यायला लावला होता. एरवी आमच्यातल्या कितीतरी बायका आनंदानं, झेपेल तसं एकाशन करतात, त्यात वावगं काही नाही. पण त्यांना कुणी आठवड्याला उलट्या आणणारं इंजेक्शन टोचत नाही. हे डॉक्टरबाईंना सांगायला हवं होतं. मी सांगितलं नाही. त्या विचारायच्या, "पाणी अडीच लिटर होतंय ना?" मी म्हणायचे, हो. नियम बंद करा म्हणाल्या असत्या, काटा पुन्हा अडकला असता, आणि मग शीतलचं काय, ही भीती. तो खोटेपणा माझा. तो मी कुणावर ढकलत नाही.

दुसऱ्या दिवशी मंगळवार. शीतल दुपारच्या पाळीला रिक्षानं डायलिसिसला येणार होता, त्याच हॉस्पिटलात खालच्या मजल्यावर. सुकुमारनं मला आणि आईला गाडीतून नेलं. दर वेळी तोच न्यायचा. तेहतीस वर्षांचा, सडपातळ, रोज सकाळी बॅडमिंटन खेळणारा, आणि मे महिन्यात लग्न ठरलेला. मला चढायला दार उघडून धरायचा, सीट मागं सरकवायचा. माझा हा भाऊ किती गुणी आहे असं मी गिऱ्हाइकांना सांगायचे.

डॉक्टरबाई, नाझनीन मुजावर, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी तरी लहान होत्या. बोलणं थोडं, पण समोरच्याकडं नीट बघून. मी काट्यावर उभी राहिले. ऐंशी पॉइंट चार. आईनं मागून हात जोडले. डॉक्टरांनी मात्र आकडा लिहून घेतला आणि माझ्याकडंच बघत राहिल्या.

"पद्माताई, जीभ दाखवा."

दाखवली.

त्यांनी माझ्या मनगटावरची कातडी चिमटीत धरून सोडली. ती लगेच जागेवर गेली नाही. मग रक्तदाब घेतला, पुन्हा घेतला. कानातली जागा बघितली. तिथं खपली धरली होती.

"हे कशानं?"

"यंत्रानं."

"तीनवर असं होत नाही." त्यांनी यंत्र मागून घेतलं, एका वायरीनं कॉम्प्युटरला जोडलं. ते रोजचं सगळं आत साठवून ठेवतं, हे आम्हाला माहीत नव्हतं. पडद्यावर एक आलेख आला. त्यांनी पडदा आमच्याकडं फिरवला. "हा जिना बघा. रोज दुपारी दीडला सुरू. तीन, मग चार, मग पाच. दर सोळा-सतरा मिनिटांनी एक पायरी, इतकी नेमकी की मला वाटलं मशीनच बिघडलंय. शेवटी नऊ, आणि तिथं पाऊण तास. कोण करतंय हे?"

"मी की," आई म्हणाली. अभिमानानं म्हणाली, मी स्वतः ऐकलं. "मी बसतो तिच्याजवळ. एक माळ झाली की एक आकडा. एक दिवस चुकवला न्हाई बघा."

डॉक्टरांनी पडदा परत आपल्याकडं वळवला. मग मला विचारलं, "पाणी किती पिता? खरं सांगा."

मी सांगितलं. नियम, उलट्या, सगळं. सांगताना मला त्यांच्यापेक्षा आईची भीती वाटत होती, या वयात.

त्यांनी ड्रॉवरमधून सकाळचा रक्ताचा रिपोर्ट काढला. "तुमचं क्रिएटिनिन पहिल्यांदा पॉइंट आठ होतं. आज एक पॉइंट सात आहे."

किडनी बिघडली की रक्तात वाढतं ते हे. आमच्या घरात हा शब्द मीठ-मिरचीसारखा रोज वापरात होता. शीतलचं किती, वाढलं की उतरलं, यावर आमचा दिवस ठरायचा. त्यामुळं मला अर्थ विचारावा लागला नाही.

"माझ्या किडन्या?"

"ताण आलाय. उलट्या, अन्न नाही, पाणी नाही, वर हा उन्हाळा. कायमचं आहे असं मी म्हणत नाही. आज सलाईन लावू, इंजेक्शन थांबवू, हे यंत्र बंद. बहुतेक भरून येईल. पण महिने जातील, आणि तोवर तुम्ही दाता नाही. खरं सांगायचं तर आणखी पंधरा दिवस हे चाललं असतं तर तुमचीच फाईल खालच्या मजल्यावर गेली असती."

"पाणी प्यायला काय झालं होतं तुला?" आई माझ्यावर उसळली. "डॉक्टर अडीच लिटर म्हणतात, तुला कळत न्हाई? एवढ्यावर आणून सगळं पाण्यात घातलंस."

मी तिच्याकडं बघतच राहिले. कालच्या दुपारला अजून चोवीस तास झाले नव्हते. माझ्या अंगात तेव्हा रागसुद्धा धरवेल एवढा जोर नव्हता, पण ठिणगी तिथं पडली.

सुकुमारनं घसा साफ केला. "मग डॉक्टर, आता शीतलदादाचं काय?"

"दुसरा दाता बघावा लागेल." त्यांनी फाईलची पहिली पानं उलटली, एका कागदावर बोट ठेवलं. "तुम्ही सुकुमार ना? रक्तगट बी पॉझिटिव्ह, म्हणजे शीतलचाच. वय तेहतीस, आजार नाही. तुमची तपासणी कधी करताय?"

सुकुमारनं आईकडं बघितलं.

"त्याचं जुळत नाही," मी म्हणाले.

"असं कोण म्हणालं? तपासणी झालेलीच नाहीये. इथं लिहिलंय, 'भाऊ, सध्या उपलब्ध नाही.' जुळतं की नाही हे कळायला आधी रक्त तरी द्यावं लागतं." त्या सहज बोलल्या. आमच्या तिघांची तोंडं बघितल्यावर त्यांना कळलं की आपण काहीतरी उघडं केलंय, आणि त्यांनी फाईल मिटली.

उपलब्ध नाही. दर पंधरा दिवसांनी मला गाडीत घालून आणणारा माणूस उपलब्ध नव्हता. रक्तदान शिबिराचं त्याचं कार्ड आमच्या टीव्हीखालच्या कप्प्यात पडलेलं असायचं, त्यावर रक्तगट मोठ्या अक्षरात. मी ते फडक्यानं पुसून पुन्हा तिथंच ठेवायचे.

"त्येचं लग्न हाय मेमध्ये," आई डॉक्टरांना म्हणाली, माझ्याकडं पाठ करून. "पोटावर टाके घातलेला, एका किडनीचा पोरगा कोण करून घेतंय बाई? मुलीकडचे उठून गेले असते."

"आणि मी?" मी विचारलं.

"तुझं काय आता लग्न व्हायचंय?"

हे ती चिडून बोलली नाही. साध्या माहितीसारखं बोलली, हेच मला जास्त लागलं.

मला एका खाटेवर झोपवून सलाईन लावलं. आई बाहेर बाकावर जाऊन बसली. सुकुमार आत आला आणि खाटेच्या पायथ्याशी उभा राहिला, हातात गाडीची किल्ली.

"तुला माहीत होतं," मी म्हणाले.

"आक्का, आईला बोलू नकोस. तिचं वय झालंय."

"मी तुझ्याशी बोलायलेय. माहीत होतं का नाही?"

"होतं."

"नऊ महिने. माझ्या पोटात सुया खुपसायला लागल्या, मी रस्त्याकडंला गाडी थांबवून ओकायचे, तू माझी पाठ चोळायचास. तेव्हा काय वाटायचं तुला?"

"वाईट वाटायचं की."

"वाईट वाटत होतं, मग रक्त का दिलं नाहीस?"

"मला कुणी विचारलंच न्हाई, आक्का. विचारलं असतं तर मी दिलं असतं."

"तू विचारलंस का कुणाला? तोंड होतं नव्हं तुला?"

तो खाली बघून किल्ली चाळवत राहिला. मग हळूच म्हणाला, "माझ्या एकट्याचं न्हवतं ते. दादाच म्हणाला, सुकुमारला यात आणू नका."

"कुठला दादा?"

"शीतलदादा."

मी त्याला खोटारडा म्हटलं. सुई ओढून काढली असती, पण नर्सनं हात धरला. बाटली संपेपर्यंत मी छताकडं बघत पडून राहिले आणि मनातल्या मनात शीतलची बाजू मांडत राहिले. शीतल असं करणार नाही. शाळेत मला हत्ती म्हणणाऱ्या पोराचं डोकं त्यानं पाटीनं फोडलं होतं. घरात मला कधीही वजनावरून न बोललेला तो एकटा. ताटात जास्तीचं वाढून घेतलं तर लोणच्याची बरणी माझ्याकडं सरकवणारा. त्याच्यासाठी मी दोन्ही किडन्या दिल्या असत्या, हे मी गिऱ्हाइकांसमोर चेष्टेत म्हणायचे, आणि ते चेष्टेतलं नव्हतं.

चारच्या सुमाराला मी भिंतीला धरून खालच्या मजल्यावर गेले. डायलिसिसच्या खोलीत दहा खुर्च्या होत्या, दहाही भरलेल्या. शीतल खिडकीशी होता. दंडातून निघालेल्या दोन नळ्यांतून त्याचं रक्त यंत्रात जात होतं आणि परत येत होतं. मला बघून तो हसला, मग माझा चेहरा बघून थांबला.

"माझं क्रिएटिनिन वाढलंय," मी म्हणाले. "मी आता चालत नाही."

"सुकुमारनं फोन केल्ता." त्यानं मोकळ्या हातानं बाजूचं स्टूल दाखवलं. "बस."

"बसत नाही. त्याला तपासू नका असं तू म्हणालास?"

त्यानं लगेच उत्तर दिलं. खोटं बोलला असता तर मला आवडलं असतं. "व्हय," म्हणाला.

"का?"

"त्येचं आता सुरू व्हायचंय सगळं. लग्न, पोरंबाळं. उद्या त्येला काय झालं तर त्या पोरीनं काय करायचं?"

"आणि मला काय झालं असतं तर?"

शीतल माझ्याकडं बघत होता. त्याच्या नजरेत वाईट काहीच नव्हतं, हे मी आजही शपथेवर सांगेन. त्यानं माझा हात धरला आणि अगदी मायेनं म्हणाला, "तुझ्यामागं कोण हाय, आक्का?"

शेजारच्या खुर्चीतला म्हातारा आमच्याकडं बघत होता. माझ्या छातीत काहीतरी इतकं तापलं की मला वाटलं मी इथंच किंचाळणार. मी किंचाळले नाही. त्या खोलीत दहा माणसं जगण्यासाठी बसली होती.

"सरळ मागायचीस रे," मी म्हणाले. "आक्का, मला तुझी पाहिजे, सुकुमारची नको. एवढंच म्हणायचंस. मी दिली असती."

"माहीत होतं. म्हणूनच मागायला तोंड झालं न्हाई."

"म्हणून फसवलीस."

"फसवली कसली? तुझं वजन उतरलं की. डॉक्टर म्हणत होते, गुडघे वाचतील, साखर होणार न्हाई. तुझं पण भलंच झालं न्हवं का?"

मी हात सोडवून घेतला. माझ्या अंगाचे तेवीस किलो उतरले होते. मला वाटत होतं ते प्रेमापोटी उतरले. खरं म्हणजे घरात एक पिशवी रिकामीच पडलीय, जरा आटोपशीर करून वापरू, असं सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं, आणि ती पिशवी आपणहून घडी घालून घेत होती. परतायला गाडीशी आलो. सुकुमारनं सीट मागं सरकवली, मी ती पुढं ओढून घेतली.

मला वाटलं होतं, आता तरी सुकुमार तपासणीला जाईल. गेला नाही. मेमध्ये त्याचं लग्न झालं, अक्षता पडल्या, सगळ्यांच्या ब्लाउजची शिलाई मीच केली. नंतर कळलं की सगळे माझी वाट बघतायत. डॉक्टर 'भरून येईल' म्हणाल्या होत्या ना. आई आता माझ्यामागं तांब्या घेऊन फिरायची. "पी, आणखी एक पी." मशीनवर बसले की पाणी, उठले की पाणी, शहाळं, ताक. जितक्या निष्ठेनं तिनं मला कोरडं ठेवलं होतं, तितक्याच निष्ठेनं ती मला भिजवत होती. शीतल फोनवर विचारायचा, "आक्का, बरी हायस नव्हं?" मी बरी आहे म्हणायचे. आपण कशासाठी बरी व्हायचं आहे ते मला ठाऊक होतं.

जुलैत डॉक्टर मुजावरांकडं गेले. आईला बाहेर बसवून त्यांनी मला एकटीला आत घेतलं आणि दार लावलं. काट्यावर अठ्ठ्याहत्तर भरले. रिपोर्टमध्ये क्रिएटिनिन पॉइंट आठ.

"पूर्ण नॉर्मल," त्या म्हणाल्या. "वजन बसतंय. मोठे डॉक्टर अजून सगळं तपासतील, पण आज तरी मला तुम्हाला नाही म्हणायला काही कारण दिसत नाही." मग त्यांनी पेन खाली ठेवलं. "पण तुम्हाला द्यायची आहे का? हे मी त्या दिवशीच विचारायला हवं होतं."

मी बंद दाराकडं बघितलं.

"ऐका. तुम्हाला द्यायची नसेल, तर मी बाहेर एवढंच सांगेन की या दाता म्हणून योग्य नाहीत. का, ते सांगायला मी बांधलेली नाही. आमच्याकडं ही पद्धत आहे, तुम्ही पहिल्या नाही. तुमच्यावर घरातलं कुणी बोट ठेवणार नाही. रिपोर्ट तुमचा आहे, तुम्ही घेऊन जा."

सुकुमारनं नाही म्हटलं तर? शीतल त्या खुर्चीतच संपला तर? हे प्रश्न मला पडले नाहीत असं कुणी समजू नये. मी त्या खोलीत बराच वेळ बसले. डॉक्टरांचे दोन पेशंट बाहेर ताटकळले. त्या पोराच्या डोक्यावर फुटलेली पाटी आठवली, आणि लगेच 'तुझ्यामागं कोण हाय' हेही. त्या प्रश्नांची उत्तरं मला मिळाली नाहीत. तरी मी म्हणाले, "सांगा तसं."

डॉक्टर दार उघडून बाहेर गेल्या. मला आईचा आवाज ऐकू आला. "न्हाई म्हणजे?"

घरी चार दिवस चूल पेटली तेवढीच. पाचव्या दिवशी सुकुमारची बायको, लग्नाला दोन महिने झालेली पोर, सगळ्यांसमोर त्याला म्हणाली, "तुम्ही जाऊन या की. विचार कसला करताय?" जिच्यासाठी हे सगळं चाललं होतं, तिला कुणी विचारलंच नव्हतं. सुकुमार गेला. जुळलं. सप्टेंबरात ऑपरेशन झालं, आणि पंधरा दिवसांनी तो गाडी चालवत होता.

आता याला सात वर्षं झाली. शीतल माग चालवतो, डब्यातलं सगळं खातो. सुकुमारला दोन मुली आहेत आणि तो अजून बॅडमिंटन खेळतो. माझं वजन पंच्याऐंशीवर येऊन थांबलंय, ते मी माझ्या खुशीनं थांबवलंय. इंजेक्शन पुन्हा घेतलं नाही, यंत्र डॉक्टरांना परत केलं. माझा राग गेला का असं विचाराल, तर नाही गेला. शीतलच्या घरी जाते, जेवते, त्याच्या पोरांचे कपडे शिवते, आणि राग बरोबर घेऊन परत येते.

आई दोन वर्षांमागं गेली. मी तोवर वेगळी राहायला लागले होते, शेवटच्या महिन्यात तिला माझ्याच घरी आणलं होतं. एका दुपारी तिनं मला जवळ बोलावलं. आवाज गेला होता, ओठांशी कान न्यावा लागला.

"पद्मे, माझ्या हातनं तुझ्या किडन्या गेल्या," ती म्हणाली. "तू कुणाला बोलली न्हाईस, पण मला ठावं हाय. वर जाऊन काय तोंड दाखवू?"

एक वाक्य पुरलं असतं. पॉइंट आठचा तो रिपोर्ट शिलाई मशीनच्या खणात होता, उठून तीन पावलांवर.

"असू दे," मी म्हणाले, आणि तिचा हात पांघरुणात घातला.